अर्ध्या तासावर परत फिरणाऱ्यांसाठी: नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. नगरविकास मंत्री यांस,
सप्रेम नमस्कार.

पत्राच्या डोक्यावर कुठल्या राज्याचं किंवा शहराचं नाव नाही, ते मुद्दामच. रस्ते, पदपथ आणि उद्यानं यांच्या फायली ज्या कुणा मंत्र्यांच्या टेबलावर येतात, त्या सगळ्यांना हे पत्र आहे. वाचताना ‘हे आपल्याकडचं नसावं’ असं वाटलंच, तर एकदा गाडीतून उतरून खात्री करून घ्यावी.

माझी ओळख थोडक्यात सांगते. पाठीवर सॅक टाकून दिवसचे दिवस चालणारी बाई होते मी. आता घरी आई अंथरुणाला खिळलेली आहे आणि तिच्यापाशी बसायला कुणी मिळतं ते जेमतेम तासभर. म्हणजे अर्धा तास जायला, अर्धा तास यायला. याबद्दल माझी तक्रार नाही. कुणाचे गुडघे जातात, कुणाची बायपास होते, कुणाचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं, कुणाच्या कडेवर तान्हं मूल, कुणाची रात्रपाळी. डोंगर कुठे जात नाहीत, आपलंच निघणं होत नाही. तक्रार आहे ती पुढची. लांबचं चालणं सुटलं की घराजवळचं चालणं हेच काय ते उरतं, आणि नेमकी तेवढीच वाट सरकारात कुणाच्या खात्यात बसत नाही.

लांब पल्ल्याच्या पायवाटेला मायबाप असतात. तिच्यावर खुणा रंगवलेल्या असतात, पाणी कुठे, मुक्काम कुठे, चढ किती, हे नकाशात दिलेलं असतं. अमेरिकेतल्या ॲपलेचियन ट्रेलचं उदाहरण घ्या. सुमारे साडेतीन हजार किलोमीटरची वाट, झाडाखोडांवर दोन इंच रुंद आणि सहा इंच उंच पांढरे पट्टे, साधारण दिवसाच्या चालीवर निवारे, आणि कुठला टप्पा कुठल्या क्लबनं राखायचा हे ठरलेलं. झाड पडलं तर ते कुणी उचलायचं, यावर वाद होत नाही. माझ्या घरापासून निघणाऱ्या पदपथावर मात्र फरशी रस्ते विभागाची, झाड उद्यान विभागाचं, मध्येच उगवलेली पेटी वीज कंपनीची, चेंबरचं झाकण मलनिस्सारणाचं. झाकण खचलं की चौघेही एकमेकांकडे बोट दाखवतात.

या ट्रेलची कल्पना बेंटन मॅके या वनाधिकारी आणि नियोजनकाराची. ती त्यानं १९२१ साली मांडली, आणि मांडली ती प्रादेशिक नियोजनाचा प्रकल्प म्हणून. पूर्व किनाऱ्यावरच्या शहरांत राबणाऱ्या माणसांना हवापालट करायला हाताशी जागा हवी, हा त्याचा मुद्दा होता. आज ज्या वाटेला लोक साहस म्हणून विमानानं जातात, ती मुळात थकलेल्या शहरी माणसासाठी सुचली होती. वाटेचं काम १९३७ साली पुरं झालं. तिचं कौतुक सगळीकडे झालं, हा उद्देश मात्र बाजूला पडला.

आता थोडा हिशोब. साधारण प्रकृतीचा माणूस तासाला चार किलोमीटर चालतो, म्हणजे अर्ध्या तासात दोन. घराभोवती दोन किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं तर आत साडेबारा चौरस किलोमीटर जागा येते. एवढ्यात वर्षभर रोज वेगळ्या वाटेनं चालता यावं. प्रत्यक्षात वर्तुळाच्या एका अंगाला रेल्वेचे रूळ, दुसऱ्या अंगाला दुभाजकात फट नसलेला जलद रस्ता, आणि तिसरीकडे कुठल्याशा संस्थेची लांबच लांब भिंत. भिंतीपलीकडे झाडी आहे, पायवाट आहे, पुढे तळं आहे. सरळ रेषेत दहा मिनिटं, वळसा घालून जायचं तर माझा अख्खा अर्धा तास. भिंतीला दार आहे, दाराला कुलूप आहे. किल्ली कुणाकडे असते हे मी तीन कार्यालयांत विचारलं. तिन्ही ठिकाणी मला दुसऱ्या दोन ठिकाणी जायला सांगितलं.

आम्हाला नवी बाग नको, हे मी जरा धाडसानंच लिहिते आहे, कारण बाग मागणारी पत्रं आपल्याकडे पुष्कळ येत असतील. आहेत त्या दोन तुकड्यांमधलं एक दार उघडलं तर बागेपेक्षा जास्त काम होतं. चालणाऱ्याला ‘गोल’ लागतो. एका रस्त्यानं जायचं, दुसऱ्यानं यायचं. त्याच रस्त्यानं परत येणं म्हणजे अर्ध्यावर हार मानल्यासारखं वाटतं. (हे वाटणं खुळं आहे, पण चालणाऱ्या कुणालाही विचारून पाहा.) बहुतेक वस्त्यांत हा गोल पन्नास-शंभर मीटरच्या तुकड्यासाठी अडलेला असतो.

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९४९ साली एक कायदा झाला. लांब पल्ल्याच्या राष्ट्रीय वाटांची सोय त्यात होती आणि त्यातूनच पेनाइन वे ही ४३० किलोमीटरची वाट १९६५ साली खुली झाली. पण त्याच कायद्यानं स्थानिक प्रशासनांवर आपल्या हद्दीतल्या सार्वजनिक पायवाटांचे अधिकृत नकाशे करण्याची जबाबदारीही टाकली. शेताच्या कडेची, चर्चमागची, दोन घरांमधली वाट, सगळ्या त्या नकाशात आल्या. आज तिथे अशा वाटांचं जाळं सव्वादोन लाख किलोमीटरच्या आसपास आहे. लोक एखादी वाट सलग २० वर्षं हक्कानं, कुणाची आडकाठी न होता वापरत असतील, तर ती सार्वजनिक वापरासाठी दिलेली आहे असं कायदा गृहीत धरतो. मग नाही म्हणायचं तर पुरावा मालकानं द्यायचा. आपल्या खात्यात ‘वापरातली वाट’ नावाची नोंदवही आहे का? नसेल तर पुढची भिंत बांधली जाईल तेव्हा काय बंद झालं हे आपल्याला कळणारही नाही.

आता बाकाबद्दल. हा विषय आपल्याला किरकोळ वाटेल, म्हणूनच जरा सविस्तर लिहिते.

हृदयाच्या आणि फुप्फुसांच्या रुग्णांची सहा मिनिटं चालण्याची एक चाचणी असते. त्यासाठी तीस मीटर लांबीचा सरळ, सपाट, मोकळा व्हरांडा लागतो. रुग्णानं त्यात येरझाऱ्या घालायच्या, दम लागला तर थांबायचं, मग पुन्हा निघायचं. सहा मिनिटांत किती मीटर झालं यावरून डॉक्टर प्रकृतीचा अंदाज घेतात आणि घरी पाठवताना बजावतात, ‘रोज चालत जा.’ रुग्ण घरी येतो आणि फाटकाबाहेर पाऊल टाकतो, तर तीस मीटर सरळ, सपाट, मोकळी जागा त्याला कुठेच सापडत नाही. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्यांचं तर आणखी नेमकं असतं. ठरावीक अंतर चाललं की पोटरी धरते, थांबलं की सुटते. त्यांच्यासाठी चालणं हेच औषध, पण चालायचं दुखेपर्यंत, मग थांबायचं, मग परत चालायचं. टेकायला जागाच नसेल तर हे औषध घ्यायचं कसं?

माझ्या रोजच्या वाटेवर एक बाक आहे. त्याला मध्ये हात नाहीत, कडेला हात नाहीत, पाठ नाही. दगडी आहे आणि दिसायला देखणा आहे. एक वयस्क गृहस्थ तिथे बसतात. बसणं जमतं, उठताना पंचाईत. आधी ते दोन्ही तळवे मांड्यांवर रोवतात, एकदा पुढे झुकून बघतात, मग इकडेतिकडे पाहून कुणी येतंय का याची वाट बघतात. कडेला एक साधा दांडा असता तर त्यांना कुणाची वाट बघावी लागली नसती. हल्ली ते बसतच नाहीत, बाकापाशी उभे राहतात आणि तिथूनच परत फिरतात. ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शिकेत लोकांच्या नेहमीच्या पायी वापरातल्या ठिकाणी दर पन्नास मीटरवर बसायची सोय असावी असं म्हटलं आहे. पन्नास मीटर हे ऐकायला फार वाटतं, म्हणून आधी शंभरावर तडजोड करू. पण बाकाला हात लावा आणि तो सावलीत ठेवा. झाड एकीकडे आणि बाक उन्हात, ही रचना कोण करतं, हे मला खरोखरच जाणून घ्यायचं आहे.

रस्ता ओलांडणं हा असाच हिशोबाचा मामला आहे. पादचाऱ्यांच्या सिग्नलचा वेळ ठरवताना बऱ्याच देशांत सेकंदाला १.२ मीटर ही चाल धरली जाते. अठरा मीटरचा रस्ता असेल तर पंधरा सेकंद. काठी घेऊन चालणारी बाई सेकंदाला ०.८ मीटरनं जाते. पंधराव्या सेकंदाला तिचे बारा मीटर झालेले असतात, सहा उरलेले असतात आणि गाड्या सुटतात. अमेरिकेनं २००९ साली ही धरलेली चाल कमी केली. त्याच साली सिंगापूरनं निवडक चौकांत ज्येष्ठांसाठी सोय आणली, खांबावरच्या यंत्राला आपलं कार्ड लावलं की हिरवा माणूस काही सेकंद जास्त थांबतो. आपल्याकडे यंत्रं येतील तेव्हा येतील. सिग्नलच्या पेटीतले आकडे बदलायला निविदा लागत नसावी.

पदपथाच्या उंचसखलपणावर फार लिहीत नाही, तो विषय सगळ्यांना पाठ आहे. एवढंच सांगते, की प्रत्येक फाटकापाशी पदपथ गाडीसाठी खाली उतरतो आणि पुन्हा वर चढतो. घोटा जपून चालणाऱ्याला किंवा चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला हा सगळा घाटरस्ताच. नेदरलँड्समध्ये पदपथ सपाट जातो आणि चढउतार गाडीला करावा लागतो. गाडीला इंजिन असतं, तिला ते जमतं.

‘चालायचंच असेल तर बागेतला जॉगिंग ट्रॅक आहे की,’ असं उत्तर मला मिळालेलं आहे. ट्रॅकवर माझा राग नाही. चकरांना कमी लेखण्याचंही कारण नाही. चार्ल्स डार्विन तरुणपणी पाच वर्षं जगाची सफर करून आला आणि पुढे आजारपणानं घराला बांधला गेला. त्यानं १८४६ साली घराजवळची जमिनीची पट्टी भाड्यानं घेतली, तिथे झाडं लावली, भोवती वाट केली आणि आयुष्यभर त्या वाटेवर चकरा मारल्या. चकरा मोजायला वळणावर खडे ठेवायचा. पण ती वाट त्याच्या हाताशी होती आणि फाटकावर वेळेची पाटी नव्हती. आमच्या बागा दुपारी बंद असतात, आणि मला मिळणारा तास बहुतेक वेळा दुपारीच असतो. रात्रपाळीवाल्यांचीही तीच गत. बाग कोणत्या वेळी उघडी ठेवायची हे ठरवताना पहाटे फिरणाऱ्यांखेरीज आणखी कुणाचा विचार झाला होता का?

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली शारीरिक हालचालीच्या शिफारशी नव्यानं दिल्या. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल करावी, हे त्यात आहेच. मला महत्त्वाचं वाटलं ते, त्यांनी जे काढून टाकलं ते. पूर्वी सलग दहा मिनिटांपेक्षा कमी हालचाल हिशोबात धरत नसत. ती अट आता नाही. म्हणजे कोपऱ्यापर्यंत जाऊन आलेलं चालणंही चालणंच. आमच्यासारख्यांच्या दृष्टीनं ही मोठी गोष्ट आहे, आणि कोपऱ्यापर्यंतचा पदपथ हा त्यामुळे आरोग्य खात्याचाही विषय ठरतो. त्या खात्याच्या मंत्र्यांशी आपलं बोलणं होत असेल तर त्यांच्याही कानावर घालावं.

स्पेनमध्ये पॉन्तेवेद्रा नावाचं शहर आहे. १९९९ पासून त्यांनी मध्यवस्तीतला रस्ता माणसांना परत द्यायला सुरुवात केली. ते सगळं आपल्याला एकदम झेपणार नाही, मान्य. पण २०११ साली त्यांनी एक नकाशा काढला, मेट्रोच्या नकाशासारखा, आणि त्यात स्थानकांच्या जागी शहरातली ठिकाणं घालून एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी चालत किती मिनिटं लागतात ते लिहिलं. त्याला ना सिमेंट लागलं ना ठेकेदार. आपण असाच नकाशा करावा, फक्त त्यात मिनिटांबरोबर आणखी चार गोष्टी दाखवाव्यात: बाक, सावली, पाणी आणि उघडं असलेलं स्वच्छतागृह. डोंगरातल्या वाटेच्या नकाशात हे असतं. शेवटची गोष्ट नसल्यामुळे किती बायका घराबाहेर पडायचंच टाळतात, हे आपल्या घरातल्या बायकांना विचारा.

सुशोभीकरणाचे प्रस्ताव आपल्याकडे येतच राहतील, त्यात कारंजी असतील, रंगीत दिवे असतील, मोठ्या अक्षरांतलं शहराचं नाव असेल. मागणं एकच आहे. यापुढे असा प्रत्येक प्रस्ताव आला की त्यासोबत एक कागद मागा: त्या जागेपासून अर्ध्या तासात पायी कुठवर जाता येतं, कुठे अडतं, आणि हे काम झाल्यावर त्यातली कुठली अडचण दूर होते. कागद इंजिनिअरनं स्वतः चालून भरलेला असावा, खाली त्याची सही आणि चालल्याची वेळ असावी, आणि ती वेळ दुपारची असावी. कागद जोडलेला नसेल तर फाईल परत पाठवावी.

आणि त्या कुलपाची किल्ली कुणाकडे आहे, हे आपल्या कार्यालयातून कुणी कळवलं तर आभारी राहीन.

आपली नम्र,
घराजवळच चालणारी एक नागरिक