गाबोरिओला वगळून रहस्यकथेचा इतिहास सांगू नका

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत रहस्यकथेच्या इतिहासावर आलेला लेख वाचला. लेख एडगर अ‍ॅलन पोच्या १८४१ सालच्या कथेपासून निघतो आणि थेट १८८७ मध्ये, शेरलॉक होम्सच्या दारात जाऊन थांबतो. मधल्या शेहेचाळीस वर्षांच्या वाट्याला एकच वाक्य आलं आहे: त्या काळात फ्रान्समधल्या स्वस्त वर्तमानपत्रांत सवंग कादंबऱ्या छापल्या जात, एवढंच. त्या वाक्याखाली एमील गाबोरिओ नावाचा फ्रेंच कादंबरीकार गाडला गेला. हे पत्र त्याच्यासाठी आहे.

मी न्यायालयात लघुलेखिका होते. साक्षीदार काय बोलतो आणि कागदावर काय उतरतं, यातलं अंतर पाहण्यात माझी सगळी नोकरी गेली. गाबोरिओ आधी इंग्रजी भाषांतरांतून वाचला आणि निवृत्तीनंतर फ्रेंच शिकून मुळातून. गुन्ह्याच्या गोष्टी पुष्कळांनी लिहिल्या. पण तपास म्हणजे कागद, जबाब, शिक्के, थकलेले अधिकारी आणि त्यांच्या हातून होणाऱ्या चुका, हे कादंबरीत पहिल्यांदा पुरतेपणी आणलं ते या माणसानं, अशी माझी ठाम समजूत आहे.

गाबोरिओचा जन्म ९ नोव्हेंबर १८३२चा, पश्चिम फ्रान्समधल्या सोजों या गावचा. वडील सरकारी नोंदणी खात्यात. त्यांच्या बदल्यांबरोबर मुलगाही गावोगाव फिरला. पुढे त्यानं काही वर्षं घोडदळात काढली, मग पॅरिसला आला आणि लहानसहान पत्रांतून मिळेल ते लिहू लागला. १८६१ मध्ये पलटणीतल्या जीवनावर आणि १८६२ मध्ये सरकारी कचेरीतल्या बाबूंवर त्याची पुस्तकं आली. त्या काळचा गाजलेला कादंबरीकार पॉल फेव्हाल याच्याकडे तो लेखनिक म्हणून राहिला, आणि रोजचं प्रकरण रोज कसं पाडायचं ते तिथे शिकला. फेव्हालच्या एका कादंबरीमालेत लकॉक नावाचा एक बदमाश आहे. गाबोरिओनं ते नाव उचललं आणि पोलिसाला दिलं. त्या नावामागे आणखी एक सावली आहे ती विदोकची. विदोक आधी कैदी होता आणि पुढे पॅरिसच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख झाला.

आता त्या ‘स्वस्त वर्तमानपत्रां’कडे येते, कारण आपल्या लेखकानं नाक मुरडलं ते तिथेच. १ फेब्रुवारी १८६३ रोजी मोईझ मीयो यानं पॅरिसमध्ये ‘ल पती जुर्नाल’ काढलं. किंमत पाच सांतीम, म्हणजे एक सू. इतर दैनिकं तेव्हा पंधरा सांतीमला मिळत, आणि तीही बहुतेक वर्षाची वर्गणी भरून. या पत्रात राजकारण नव्हतं, त्यामुळे मुद्रांक कर लागत नव्हता आणि सुटा अंक रस्त्यावर विकता येई. ज्यांनी जन्मात वर्तमानपत्र विकत घेतलं नव्हतं अशा मोलकरणी, गाडीवान आणि कारागीर ते घेऊ लागले. पानाच्या तळाशी आडवी रेघ मारून खाली कादंबरीचं प्रकरण छापायची पद्धत १८३६ पासूनची. मीयोनं ते प्रकरण अशा घरांत पोहोचवलं जिथे पुस्तकाचं कपाट नव्हतं. एवढ्या लोकांना वाचायला लावणाऱ्या गोष्टीला ‘सवंग’ म्हणून बाजूला सारणं मला पटत नाही.

या पत्राची काळी बाजूही मी लपवणार नाही. १८६९ च्या सप्टेंबरात पांतां इथल्या शेतात एक आई आणि तिच्या पाच मुलांची प्रेतं सापडली. त्रोपमान खटला तो हाच. महिनोन् महिने ‘ल पती जुर्नाल’नं त्यावर रकाने भरले आणि खप चार लाखांच्या पुढे गेला. मेलेल्यांच्या दुःखावर वर्तमानपत्र पोसलं गेलं. पण त्याच पत्रात आदल्या वर्षी गाबोरिओची ‘मस्यू लकॉक’ ही कादंबरी क्रमशः आली होती. घाईनं कुणालाही गुन्हेगार ठरवू नका, हे ती त्याच वाचकांना रोज एकेका प्रकरणातून सांगत होती. दोन्ही एकाच कागदावर छापलं गेलं, याचा विचार आपल्या व्यवसायातल्या मंडळींनी जरूर करावा.

त्याची पहिली मोठी कादंबरी ‘लेरूज प्रकरण’. १८६५ मध्ये ती ‘ल पेई’ या पत्रात आली तेव्हा कुणी फारसं विचारलं नाही. पुढच्या वर्षी मीयोच्याच ‘ल सोलेय’मध्ये पुन्हा छापली आणि पॅरिसनं डोक्यावर घेतली. सुरुवात कशी आहे पाहा: गुरुवार, ६ मार्च १८६२. ला जोंशेर या खेड्यातल्या पाच बायका बुजिव्हालच्या पोलीस चौकीत येतात. विधवा लेरूज दोन दिवस दिसलेली नाही, दार बंद आहे. तारीख, वार, ठिकाण, खबर देणारे कोण. पंचनाम्यासारखं पहिलंच वाक्य. ते वाचताना माझा हात आपोआप पेन्सिलीकडे गेला होता.

खून उघडकीला येतो. गुप्त पोलिसांचा प्रमुख झेव्रोल एकदा एक मत बनवलं की त्याला चिकटून बसणारा. लकॉक इथे अगदी दुय्यम आहे. तो सुचवतो की म्हाताऱ्या ताबारेला बोलवा. हा ताबारे सरकारी गहाणखात्यातला निवृत्त कारकून, हौस म्हणून पोलिसांना मदत करणारा. मातीतल्या खुणांवरून तो माणूस उभा करतो, त्याच्या तर्कावर एका उमरावाच्या मुलाला अटक होते आणि सगळे खूश होतात. मग कादंबरीतला माझा सर्वांत आवडता प्रसंग येतो. खुनाच्या वेळी आपण दुसरीकडे होतो असं आरोपीला दाखवता येत नाही, हे तपास-न्यायाधीश ताबारेला सांगतो. न्यायाधीशाच्या दृष्टीनं फास आवळला गेला. ताबारे मात्र हादरतो. ज्यानं इतक्या थंड डोक्यानं खून केला, तो ही एवढी साधी तरतूद करायला विसरेल? तर मग हा तो माणूसच नव्हे! आपणच पकडून दिलेल्या आरोपीला सोडवण्यासाठी तो जिवाचं रान करतो आणि न्यायाधीश ऐकत नाही.

तो न्यायाधीश दाब्युरों वाईट माणूस नाही. पण आरोपीच्या वाग्दत्त वधूवर एके काळी त्याचं प्रेम होतं. आपण या खटल्यातून बाजूला व्हावं असं त्याला मनातून वाटतं आणि तो होत नाही. खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या मनात काय चाललं आहे हे कागदावर कधी येत नाही. गाबोरिओनं ते आणलं. शेवटी ताबारेचा न्यायाच्या अचूकपणावरचा विश्वास उडतो. मृत्युदंड रद्द व्हावा म्हणून तो अर्ज फिरवतो आणि गरीब निरपराध आरोपींच्या बचावासाठी मंडळ काढतो. वर्तमानपत्राच्या वाचकांसाठी रोज एकेक प्रकरण करून छापलेल्या कादंबरीचा हा शेवट आहे.

गाबोरिओच्या चौकश्यांना इतकी धार का आहे, हे कळायला तेव्हाचा कायदा ध्यानात घ्यावा लागतो. १८०८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणे तपास-न्यायाधीश बंद खोलीत आरोपीची चौकशी करी. शेजारी फक्त लेखनिक. वकील नाही. आरोपीला कुणालाही भेटू न देता एकांतात ठेवता येई. चौकशीच्या वेळी वकील जवळ असण्याचा हक्क फ्रान्समध्ये आला तो ८ डिसेंबर १८९७ च्या कायद्यानं, म्हणजे गाबोरिओच्या मृत्यूनंतर चोवीस वर्षांनी. त्याची १८७३ ची ‘गळ्यात दोर’ ही कादंबरी याच अंधाऱ्या खोलीबद्दल आहे: आग लावल्याचा आणि गोळी झाडल्याचा आरोप, परगण्यातलं लहान गाव, गावातली हेवेदावे सांभाळणारी माणसं, आणि खरं सांगितलं तर आणखी अडकेल असा आरोपी.

‘मस्यू लकॉक’मधल्या चौकश्या मी पुन्हा पुन्हा वाचते. सेग्म्युलेर हा न्यायाधीश, गोगे हा त्याचा हसतमुख लेखनिक, आणि समोर जत्रेतला खेळवाला असल्याचं सांगणारा एक कैदी. प्रश्न सौम्य, उत्तरं चोख, आणि दोघांच्या मधून गोगेची लेखणी चालते आहे. गोगेला फार काही करायचं नाही, पण तो तिथे आहे. कादंबरीकार लेखनिकाला बहुधा खोलीतून वगळतात. गाबोरिओनं त्याला नाव दिलं, चेहरा दिला. माझ्यासारखीला हे किती मोलाचं वाटतं हे शब्दांत सांगणं अवघड आहे.

याच कादंबरीच्या आरंभी बर्फाचा प्रसंग आहे. पॅरिसच्या सीमेवरच्या एका बदनाम गुत्त्यात खून होतो. तरुण लकॉक मागच्या आवारात, पेर आब्सांत नावाच्या म्हाताऱ्या शिपायाला सोबत घेऊन, कंदिलाच्या उजेडात पावलं वाचतो. बर्फ म्हणजे एक भलंमोठं पांढरं पान आणि त्यावर माणसं आपल्या हालचाली लिहून गेली आहेत, असं तो म्हणतो. दोन बायका इथून धावल्या, एक माणूस इथे वाट पाहत थांबला. हा लकॉक मूळचा चांगल्या घरचा, पण पैसा गेल्यावर एका खगोलशास्त्रज्ञाकडे आकडेमोड करणारा. रात्री बसून तो मनातल्या मनात बिनचूक गुन्हे रचत असे. मालकानं ते ऐकलं आणि सांगितलं की असली बुद्धी असलेला गरीब माणूस एक तर नामांकित चोर होतो, नाही तर मोठा गुप्तहेर. लकॉकनं निवड केली.

‘ओर्सिवालचा गुन्हा’ या त्याच्या आणखी एका कादंबरीतलं घड्याळही सांगायलाच हवं. उद्ध्वस्त खोलीत घड्याळ पडलेलं आहे, काटे तीन वाजून वीस मिनिटांवर. तेव्हा खून झाला, असं सगळे धरून चालतात. लकॉक मोठा काटा हळूच पुढे ढकलतो आणि घड्याळ अकराचे ठोके देतं. काटे कुणी तरी फिरवले आहेत. पुढच्या अर्ध्या शतकात असली घड्याळं किती लेखकांनी वापरली!

उणिवा आहेत. त्या मोठ्याही आहेत. रोज प्रकरण पुरवायचं असल्यानं गोष्ट ताणली जाते. ‘मस्यू लकॉक’च्या दुसऱ्या भागात तो कथा थेट १८१५ मध्ये नेतो, दोन घराण्यांचं वैर सांगत बसतो आणि लकॉक शेकडो पानं गायब होतो. तो भाग मला कंटाळवाणा वाटतो. स्त्रियांच्या तोंडची भाषणंही पुष्कळदा रंगमंचावरची वाटतात. पण आपल्या लेखकानं आठवून पाहावं: होम्सची पहिली कादंबरी कशी रचली आहे? आधी तपास, मग अटक, आणि मग एकाएकी अमेरिकेतल्या युटामध्ये मागे नेणारा लांबलचक भाग. हा साचा गाबोरिओचाच. त्याच कादंबरीत होम्स लकॉकला गबाळा म्हणतो. कैद्याची ओळख पटवायला त्याला सहा महिने लागले, मी चोवीस तासांत केलं असतं, अशी बढाई मारतो. होम्सचा निर्माता आर्थर कॉनन डॉयल यानं मात्र १९२४ च्या आत्मचरित्रात मोकळेपणानं लिहिलं आहे की गाबोरिओच्या कथानकांचे सांधे ज्या सफाईनं जुळतात, त्यांचं त्याला आकर्षण होतं. पात्राचं बोलणं लोकांच्या लक्षात राहिलं, लेखकाचं ऋण विसरलं गेलं.

१८७३ मध्येच गाबोरिओनं लग्न केलं आणि त्याच वर्षी २८ सप्टेंबरला पॅरिसमध्ये तो वारला. वय चाळीस. ‘लेरूज प्रकरणा’च्या यशानंतर त्याला जेमतेम सात वर्षं मिळाली. १८७८ मध्ये ब्वागोबे या दुसऱ्या कादंबरीकारानं लकॉकच्या म्हातारपणावर कादंबरी लिहिली, कारण वाचक त्या पात्राला सोडायला तयार नव्हते.

माझी विनंती अशी. पुरवणीत पुढे कधी या विषयावर लिहिलं गेलं तर गाबोरिओला त्याची जागा द्यावी. आणि त्याहून महत्त्वाचं, त्याची एखादी गोष्ट मुळातून मराठीत आणून आपल्याच पानावर क्रमशः छापावी. लेखनावर आता कुणाचाही हक्क उरलेला नाही, आणि ते लिहिलंच गेलं होतं दैनिकासाठी. मोठ्या कादंबरीनं सुरुवात करू नये. त्याच्या मृत्यूनंतर १८७६ मध्ये पुस्तकात आलेली ‘बातिन्योलचा म्हातारा’ ही कथा घ्यावी. मेलेल्या माणसाजवळ जमिनीवर रक्तानं काही अक्षरं लिहिली आहेत, आणि रक्त लागलं आहे ते त्याच्या डाव्या हाताच्या बोटाला. आठवडाभराच्या अंकांत ती सहज बसेल. भाषांतर करून द्यायला मी तयार आहे, मोबदल्याची अपेक्षा नाही.

आपली,
एक निवृत्त न्यायालयीन लघुलेखिका