तो डबा कुठे गेला ते सांगतो

प्रिय चिऊ,

रात्रीचे दहा वाजून गेलेत आणि खिडकीबाहेर आभाळात अजून उजेड आहे, जूनमध्ये इथे इंग्लंडात असंच असतं म्हणे. तुझी आई पाय दुखतात म्हणून आडवी झाली आणि लगेच झोपली. मला झोप नाहीये. आज आम्ही दोघंच दिवसभर फिरून आलो, दादाच्या गिल्डफर्डहून ट्रेनने पोर्ट्समथ, तिथून बोटीने आयल ऑफ वाइट, आणि मग त्या बेटावर परत ट्रेन. दादा सारखा म्हणत होता बाबा रविवारी कारने नेतो, मी म्हणलं 36 वर्षं रेल्वेत काढलीत रे, मला कारने कशाला नेतोस. त्याने फक्त तिकीट काढून दिलं. एकच तिकीट, त्यात ट्रेन पण आली आणि बोट पण आली, शिवाय साठीच्या वरच्यांचं रेलकार्ड असलं की भाडं एक तृतीयांश कमी होतं.

जायचा रस्ता सुंदर आहे, हॅसलमियरच्या आसपास नुसती झाडी आणि चढ, पण तुला माहितीये माझं लक्ष कुठे असतं ते. तिकडे वर वायर नाही गं, रुळाच्या बाजूला तिसरा रूळ असतो, त्यातून 750 व्होल्ट डीसी. ही लाइन 1937 सालापासून अशीच विजेवर चालते. आईला सांगायला लागलो तर ती म्हणाली तुम्ही बाहेर बघा जरा, बाहेर मेंढ्या आहेत.

पोर्ट्समथ हार्बर स्टेशन चक्क पाण्यावर आहे, खांब ठोकून वर उभं केलेलं. ट्रेनमधून उतरलं की समोरच धक्का. शेजारी वॉरियर नावाचं 1860 सालचं जुनं लढाऊ जहाज उभं आहे, काळंभोर, आई त्याचा फोटो काढत बसली आणि आमची बोट डोळ्यांसमोर सुटली. पुढच्या बोटीपर्यंत बाकावर बसून तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या. तुझी आई साताऱ्याची, तिला बोटीची भीती, सुटल्यापासून माझा हात घट्ट धरून बसली होती. बावीस मिनिटांचा तर प्रवास, मधे समुद्रातच दगडी गोल किल्ले उभे आहेत ते बघता बघता रायड आलंच.

मला मात्र भाऊचा धक्का आठवला. लहानपणी आजीच्या माहेरी जायला आम्ही तिथून रेवसला लाँचने जायचो, ओहोटी असली की लाँच लांबच थांबायची आणि मग फळीवरून नाहीतर कुणाच्या तरी खांद्यावरून उतरायचं. एका कोळी मामांच्या पाठीवर बसून मी चिखलातून गेलोय, त्यांच्या मानेचा खारट वास अजून आठवतो. तर रायडला पण अगदी हेच होतं बघ, ओहोटीला तिथे अर्धा मैल वाळू उघडी पडते, जुन्या काळी लोकांना हमालाच्या पाठीवर बसून उतरावं लागायचं आणि पुढे ओल्या वाळूतून चालत जायचं. म्हणून तर त्यांनी 1814 ला समुद्रात हा लांबलचक पिअर, म्हणजे धक्का, बांधला, पुढे वाढवत तो जवळजवळ 680 मीटर झाला, आणि नंतर त्याला लागूनच रेल्वेसाठी वेगळा. ट्रेन पिअरच्या टोकाशी येऊन उभी असते, बोटीतून उतरा आणि बसा!

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

ती ट्रेन बघून मी थांबलोच. दोन डब्यांची, बुटकी, आणि दाराची ठेवण बघूनच कळलं की ही बेटावरची गाडी नाही, ही लंडनच्या मेट्रोची गाडी आहे. दादाने आधी सांगितलं होतं पण सांगणं वेगळं आणि समोर दिसणं वेगळं. या गाड्या 1980 ला लंडनच्या डिस्ट्रिक्ट लाइनवर सुरू झाल्या, 2017 ला तिथून काढल्या. मग काही डबे घेऊन त्यांच्यात नवीन मोटरी, नवीन कंट्रोल, नवीन सीट असं सगळं बसवलं आणि 2021 पासून ते इथे बेटावर धावतायत. सांगाडा अ‍ॅल्युमिनियमचा, गंज नाही, म्हणून जमलं. आणि जुनेच का, तर रायडच्या बोगद्यात पाणी भरायचं म्हणून कधीतरी रूळ वर उचलला, त्यामुळे बोगदा ठेंगणा झाला, मोठी गाडी आत जातच नाही. 1967 पासून इथे लंडनचेच जुने डबे येतात. याच्या आधीची गाडी 1938 सालची होती, ती जानेवारी 2021 पर्यंत चालली चिऊ, विचार कर.

मी दाराजवळच्या खांबाला हात लावून उभा राहिलो, आई म्हणाली बसा, मी नाही बसलो. गाडी सुटली तसा पायाखालचा आवाज चढत गेला, बारीक शिट्टीसारखा, म्हणजे मोटर नवीन. पण डबा जो हलतो ना, सांध्यावरून जाताना जो एक डुलका देतो, तो जुन्या डब्याचा. तळव्याला कळतं ते. पुढे सेंट जॉन्स रोड स्टेशनला प्लॅटफॉर्मवरूनच त्यांचं कारशेड दिसतं, आत एक गाडी उभी, नारिंगी कपड्यातला एक माणूस वाकून खाली बघत होता, हातात टॉर्च. मी इतक्या वेळा असा वाकलोय. त्याने वर बघितलं, मी हात केला, त्यानेही केला.

आणि तेव्हा तुझा प्रश्न आठवला. एप्रिल 2016 ला आपल्या मुंबईच्या हार्बर लाइनवरची शेवटची डीसी लोकल धावली त्या रात्री तू फोन करून विचारलं होतंस, बाबा आपला डबा कुठे आहे आता? आपला म्हणजे तो, ज्याला दसऱ्याच्या वेळी कुर्ला कारशेडमध्ये मी तुला उचलून धरलं होतं आणि तू हळदकुंकू लावलं होतंस, स्वस्तिक वाकडं आलं म्हणून रडलीस आणि सगळं कुंकू फ्रॉकवर सांडलं. सहा वर्षांची होतीस. मी फोनवर म्हणलं यार्डात आहे. खोटं बोललो. तो त्याच्या बऱ्याच आधी तोडला होता आणि मी तिथे उभा होतो. गॅस कटरने आधी बाजूचा पत्रा कापतात, मग छत खाली बसतं, अर्धा दिवस पण लागत नाही. जुनी गाडी भंगारात जाते ही रीतच आहे, त्याबद्दल माझी कुणावर तक्रार नाही. पण त्या डब्याचे ब्रेक मी किती पावसाळे तपासले होते, आणि तुला ते सांगायची ताकद माझ्यात नव्हती. रडायला आलं असतं आणि तू फोनवर होतीस.

आज ती गाडी चालताना बघितली आणि वाटलं आता सांगून टाकावं.

शेवटचं स्टेशन शँकलिन, पंचवीसेक मिनिटं लागतात, तिथे गवताच्या छपरांची जुनी घरं आहेत, ती बघितली, चहाबरोबर स्कोन खाल्ला, त्यावर जॅम आणि घट्ट साय घालतात, आई म्हणाली ही तर आपल्या घरची सायच की. पाऊस भुरभुरत होता. खरं तर स्मॉलब्रुकला उतरून वाफेच्या इंजिनाची गाडी बघायची होती, त्या स्टेशनला रस्ताच नाही, एका ट्रेनमधून उतरून दुसरीत बसायला एवढाच त्याचा उपयोग, पण आईचे पाय दुखायला लागले म्हणून राहिलं. परत येताना बोटीत तिने हात नाही धरला, वरच्या डेकवर जाऊन उभी राहिली, केस पार विस्कटलेले. तो फोटो पाठवतोय. दुसरा फोटो दाराजवळचा आहे, त्यात काही दिसत नाही, नुसता खांब आणि माझा हात, तरी ठेव.

आई आत्ता उठली पाणी प्यायला, तुला लिहितोय म्हणलं तर म्हणाली तिला विचारा तो पिवळा फ्रॉक आठवतो का, कितीदा धुतला तरी कुंकवाचा डाग गेला नव्हता, अजून कपाटात आहे.

बाबा