मंडईच्या नाटकाचा मंडप आणि माझी खुर्ची

आरमोरी,
कार्तिक वद्य पंचमी

प्रिय दिलीप,

यंदा मंडईच्या जत्रेतल्या नाटकाचा मंडप तुझ्याकडे आहे असं कळलं, म्हणून हे पत्र. मी बोलतोय, फोन लिहून घेतोय. शुद्धलेखन त्याच्या माथी मार.

लेका, मला पहिल्या रांगेत बसवू नकोस. मागे एका गावानं मोठ्या मानानं नेलं, माइकवरून 'दिव्यांग बांधव' म्हणून नाव पुकारलं, शाल-नारळ दिला आणि बसवलं थेट स्पीकरच्या बॉक्सच्या तोंडाशी. रात्रभर छाती हादरत होती. (लघवीला कुठं जायचं, ते मात्र कोणी सांगितलं नाही. शाल घेऊन काय करू?) नट कोणत्या विंगेतून आला, ऑर्गनवाला कुठं बसलाय, ढोलकीवाला कधी दमला, हे मला कानांनीच पाहावं लागतं. बॉक्सजवळ ते सगळं एकात एक कालवलं जातं. मधोमध, जरा मागे खुर्ची दे.

वाटेचं बघ. मंडप म्हणजे कापणी झालेलं धानाचं शेत, आपली बांधी: पायाखाली धसकटं, मध्येच धुऱ्याचा बांध, मंडपाचे खुंटे, जनरेटरची वायर. त्यात जनरेटर दारातच धडधडत असला की काठी जमिनीवर काय वाजते ते कळतच नाही. तो मागे ने. रस्त्यापासून दारापर्यंत आणि तिथून मुतारीपर्यंत कमरेइतकी दोरी बांध, नायलॉनची चालेल.

आता मुके प्रवेश. खलनायक गुपचूप चिठ्ठी लपवतो, अख्खी बांधी 'अरे अरे' करते. शेजाऱ्याला विचारलं तर 'थांब ना बे, पाहू दे!' त्याचंही बरोबर आहे, तिकिटाचे पैसे त्यानंही मोजलेत. एखाद्या पोराला आधी संहिता वाचायला दे, विंगेत बसव, तो फोनवरून सांगेल. मी एकाच कानात इअरफोनचं बोंडूक घालीन. पद चालू असताना मात्र त्यानं तोंड उघडायचं नाही, हे बजावून ठेव.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सांस्कृतिक जीवनाचंही कलम आहे. पण बांधीतल्या मंडपापुढं कलम कोण वाचतो? त्यापेक्षा तुला सांगणं सोपं.

पडदा उघडण्याआधी एकदा मंचावर फिरव, पायऱ्या आणि सामान हातानं बघून घेतो. भाचा सोबत येईल. तो पहिल्या अंकातच घोरतो, त्याच्याकडून खुर्चीचे पैसे घेऊ नकोस. वहिनींना नमस्कार. उकडलेले शिंगाडे ठेवायला सांग.

तुझा,
वसंता