दिग्यास, जन्मतारखेच्या निमित्ताने

बाल्टिमोर

प्रिय दिग्या,

परवा रात्री व्हॉट्सॲपवर तुझं पूर्ण नाव, पत्ता आणि जन्मतारीख मागितली, तर तू लिहिलंस, "माझी जमीन लाटतोस की काय?" बाबा रे, तुझ्या दीड एकरावर अजून माझा डोळा नाही. तो आमच्या लेकीला, सईला भरायचा अमेरिकन सरकारचा सुरक्षा तपासणीचा फॉर्म आहे. परदेशात कोणाशी जवळीक आहे ते त्यात लिहावं लागतं. सईनं 'दिगूकाका' लिहिलं आणि अडली, कारण काकाचं खरं नाव तिला ठाऊकच नव्हतं.

सई अमेरिकन नौदलात क्रिप्टॉलॉजिक टेक्निशियन आहे, म्हणजे परक्यांचे संदेश ऐकून उलगडणारी, भाषेच्या शाखेत. ती नेमकं काय ऐकते हे मला माहीत नाही आणि मी विचारतही नाही. तिनं कॉलेज अर्ध्यात सोडून भरतीत नाव घातलं, तेव्हा तू फोनवर म्हणाला होतास, "एवढं शिकवून पोरगी शिपाई?" तेव्हा मी गप्प बसलो, कारण मलाही तेच वाटत होतं. ग्रेट लेक्सला, नौदलाच्या प्रशिक्षण तळावर, तिच्या दीक्षान्त संचलनात टाळ्या वाजवल्या, पण मनातून खट्टू होतो. त्यानंतर माँटेरेच्या भाषाशाळेत ६४ आठवडे घोकंपट्टी आणि मग हवाईत नेमणूक.

गेल्या दिवाळीत आम्ही हवाईला गेलो. सईची चीफ जेवायला आली होती. चीफ म्हणजे आपल्याकडच्या हवालदार-सुभेदारांच्या पंक्तीतली, अधिकारी नव्हे. पण तिथले तरुण लेफ्टनंटही अडलं की आधी तिलाच विचारतात म्हणे. हिनं थालीपिठं केली, बाईंनी चार खाल्ली.

सईनं तिचा एक किस्सा सांगितला. माहिती-युद्धाचा बिल्ला मिळवायचा तर एक पुस्तिका भरावी लागते. प्रत्येक ओळीपुढे त्या विषयातल्या जाणकाराची सही हवी आणि शेवटी तोंडी परीक्षा. एका वरिष्ठानं सईला न विचारताच अख्ख्या पानावर सह्या ठोकून दिल्या. पोरगी खूश. चीफनं ते पान पाहिलं, एका ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "हे मला समजावून सांग." सईला सांगता येईना. चीफनं सगळ्या सह्या खोडल्या आणि रोज ड्यूटीनंतर अर्धा तास तिच्याबरोबर बसायला लागली. सहा आठवडे! आपल्या वेळी जर्नलं कशी 'तपासली' जायची ते आठवून मी मान खाली घातली.

पण गुप्तसंदेश उलगडण्याचा हा धंदा मुळात असाच, एकानं दुसऱ्याला शिकवत वाढलाय. हॅरी किडर नावाचा नौदलाचा एक चीफ रेडिओमन होता. फिलिपाइन्समध्ये असताना एका सहकाऱ्याच्या जपानी बायकोकडून तो काना लिपी शिकला आणि जपानी तारेची टकटक स्वतःच उलगडायला लागला. पुढे वॉशिंग्टनला नौदलाच्या इमारतीच्या गच्चीवर एक काँक्रीटची खोली बांधली आणि किडरनं तिथं इतरांना शिकवायला सुरुवात केली. १९२८ ते १९४१ या काळात तिथून १७६ जण तयार झाले, १५० नौदलाचे आणि २६ मरीन. त्यांचं नावच पडलं 'गच्चीवरची टोळी'.

दुसरी ॲग्नेस मेयर ड्रिस्कॉल. टेक्सासातली गणिताची शिक्षिका, १९१८ मध्ये नौदलात लेखनिक म्हणून आली. तिच्या हाताखाली गुप्तलेख उलगडायला जे शिकले त्यांत जोसेफ रॉशफोर्ट होता, तोही साधा भरती झालेला, नेव्हल अकॅडमीचा नाही. १९४२ साली हवाईत पर्ल हार्बरच्या तळघरात, जपानी संदेश उलगडणाऱ्या तुकडीचा प्रमुख म्हणून, तो स्मोकिंग जॅकेट आणि सपाता घालून बसायचा. माणसं कमी पडली तेव्हा बुडालेल्या 'कॅलिफोर्निया' जहाजाच्या बँडमधल्या वादकांना त्यानं पंचकार्डांच्या यंत्रांवर बसवलं. बाजा वाजवता वाजवता गुप्तलेख! जपानी संदेशांतलं हल्ल्याचं ठिकाण 'एएफ' म्हणजे मिडवे बेटच का, हे ताडून पाहायला 'पाणी तयार करणारं यंत्र बिघडलं' असा खोटा संदेश उघड पाठवायची युक्तीही रॉशफोर्टची नव्हती. जॅस्पर होम्सला सुचलेली, यानं ती उचलून धरली. मला त्याचं मोठेपण इथं दिसतं.

बक्षीस काय मिळालं? त्याच वर्षी हवाईतून हकालपट्टी आणि पुढे एका तरंगत्या गोदीचा ताबा. मोठं पदक मिळालं १९८६ मध्ये, मरून जवळजवळ दहा वर्षं झाल्यावर. तेव्हा दिग्या, वरच्या जागांचं मला फार कौतुक उरलेलं नाही.

तरी तू विचारशीलच, "पुढे काय?" वाटा बऱ्याच आहेत. पदवी पुरी करून अधिकारी होता येतं, किंवा हुद्द्यानं चढत चीफ, मग वॉरंट ऑफिसर. नौदल सोडलं तर शिकायला सरकारी पैसे मिळतात, आणि एनएसए या सरकारी गुप्तसंदेश संस्थेसारख्या ठिकाणी अशा माणसांना मागणी असते. नौदलाच्या गुप्तलेख विभागातलाच अधिकारी मायकेल रॉजर्स २०१४ ते २०१८ एनएसएचा प्रमुख होता. सईला विचारलं तर म्हणते, "बाबा, मला चीफ व्हायचंय." तिची आई अजून अधिकारी होण्याच्या परीक्षेची माहितीपत्रकं पाठवतेच आहे.

आता कामाचं. तू १ जून कळवलीस. ती आपल्या मास्तरांनी शाळेत घालताना लिहिलेली, माझीही तीच आहे. तुझी आई तर म्हणायची, तू पोळ्याच्या आदल्या दिवशीचा. सई घाबरलीय, तिला फॉर्मवर खोटं लिहायचं नाही. पासपोर्टवर काय आहे ते बघून आजच कळव.

तुझा,
बापू