होमस्कूलिंगचं गणित इयत्ता बघून घेऊ नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात होमस्कूलिंगवर मधूनमधून लेख येतात, चांगले असतात, पण गणिताचा विषय निघाला की गाडी हमखास 'सगळ्यात बेस्ट करिक्युलम कोणता' यावर येऊन थांबते, म्हणून हे पत्र. घरी शिकवणारे आईबाप बाकीचे विषय वाचनातून, गप्पांतून निभावून नेतात. गणितात तसं चालत नाही, तिथे मधलं काही सुटलं की ते दोन वर्षांनी अपूर्णांकात नाहीतर बीजगणितात डोकं वर काढतं आणि तोवर नेमकं कुठे सुटलं होतं हेच कळेनासं झालेलं असतं.

माझं म्हणणं एवढंच की पुस्तकावरचा इयत्तेचा आकडा आधी बाजूला ठेवा. मूल आठ वर्षांचं म्हणून तिसरीचं पुस्तक मागवलं, असं बहुतेक जण करतात. पण प्रत्येक करिक्युलमचा क्रम वेगळा, एकात जे तिसरीत ते दुसऱ्यात चौथीत. बऱ्याच करिक्युलमच्या प्लेसमेंट टेस्ट (मुलाने कुठल्या पातळीपासून सुरू करावं हे ठरवायच्या चाचण्या) त्यांच्या वेबसाइटवर फुकट मिळतात, ती सोडवून घ्या आणि मार्क बघण्यापेक्षा चुका बघा. आता ५२ वजा २७ घ्या. मुलाने ३५ लिहिलं तर 'लक्ष नाही तुझं' म्हणून सोडून देऊ नका. त्याने सातातून दोन काढलेत, म्हणजे मोठ्यातून लहान वजा करायचं एवढंच डोक्यात बसलंय आणि दशक मोडून दहा एकक करता येतात हे बसलेलंच नाहीये. अशा मुलाला वर आणखी वजाबाक्यांचं वर्कशीट दिलं तर तीच चूक घोटून पक्की होणार. त्यापेक्षा दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या पुढ्यात ठेवा आणि यातून सत्तावीस काढून दे म्हणा, सुट्या पुरत नाहीत म्हटल्यावर गठ्ठ्याचं रबर काढावंच लागतं.

हे एकदा कळलं की मग कुठलं घ्यायचं हा प्रश्न निम्मा सुटतो. सिंगापूर मॅथ या करिक्युलममध्ये आधी वस्तू, मग चित्र, मग आकडे अशी चढण असते आणि एकेका विषयावर बराच मुक्काम असतो, वरचं ५२-२७ वालं मूल तिथे रमण्याची शक्यता जास्त. सॅक्सन हे दुसरं करिक्युलम (ते एका निवृत्त हवाईदल अधिकाऱ्याने सुरू केलं, आणि शिस्त तशीच आहे!) रोज थोडं नवीन आणि बरंच जुनं मिसळून देतं, ज्याला समजतं पटकन पण महिन्याभरात विसरतं त्याच्यासाठी बरं, एरवी कंटाळवाणं. यावरून पालकांत मास्टरी (एक विषय पक्का करूनच पुढे) की स्पायरल (तेच विषय पुन्हा पुन्हा, थोडं थोडं वाढवत) अशी हाणामारी चालते. गंमत म्हणजे स्पायरलची कल्पना १९६० मध्ये मांडली ती जेरोम ब्रूनर या मानसशास्त्रज्ञाने, आणि सिंगापूरच्या वस्तू-चित्र-आकडे पद्धतीचं मूळही त्याच्याच मांडणीत आहे. त्यामुळे त्या भांडणात मी पडत नाही.

मी सँपल पानं उघडते आणि थेट अपूर्णांकांच्या भागाकाराकडे जाते. तिथे पहिल्याच ओळीत 'दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणा' असलं की पुस्तक बंद. आणि 'पाऊणात पाव किती वेळा बसतो' असं विचारून पट्टी काढून दाखवली असेल, मुलाला तीन हे उत्तर मोजून काढता येत असेल आणि नियम नंतर येत असेल, तर पुढचं वाचायचं. बेरजेचंही तसंच, १/२ + १/३ चं उत्तर मुलं २/५ लिहितात, अंशात अंश छेदात छेद. पण ज्याने कागदाच्या पट्ट्या दुमडून बघितल्यात ते मूल थबकतं, कारण २/५ हे अर्ध्यापेक्षाही कमी आहे, मिळवून कमी कसं झालं?

अजून एक, शिक्षक-मार्गदर्शिका जरूर बघा. आपल्यालाच गणिताची धास्ती असेल तर काय बोलायचं, काय विचारायचं हे तपशिलात सांगणारी हवी, नुसती उत्तरांची यादी असलेली काही कामाची नाही. व्हिडिओ आणि ॲप सरावाला ठीक, पण मुलाने ३५ का लिहिलं हे शेजारी बसलेल्या माणसाने विचारल्याशिवाय कळत नाही. आणि दर तीन महिन्यांनी करिक्युलम बदलणाऱ्यांना तर हात जोडून सांगणं आहे की क्रम वेगवेगळे असल्यामुळे काही गोष्टी मुलं दोनदा शिकतात आणि काही अजिबातच नाही. मूल रडतंय म्हणून बदलायच्या आधी त्याच करिक्युलममध्ये एक पायरी मागे जाऊन बघा, पुष्कळदा तेवढ्याने भागतं.

आपण पुढच्या वेळी करिक्युलमची यादी छापाल तेव्हा प्रत्येकाची प्लेसमेंट टेस्ट आणि सँपल पानं मिळतात का, कुठे मिळतात, एवढी माहिती शेजारी द्यावी ही विनंती. स्टार रेटिंग नाही दिलं तरी चालेल.

आपली,
घरीच शाळा चालवणारी एक आई