मागचं दार लावून वाचा

गोथेनबर्ग,
१६ नोव्हेंबर

तीर्थरूप आई आणि आबांना,
सा. न. वि. वि.

फोन असताना पत्र कसलं, म्हणशील. फोन तू सोप्यात स्पीकरवर ठेवतेस आणि शेजारी सच्या बसलेला असतो. भाऊ आहे माझा, पण हे त्याच्यासमोर बोलायचं नाही. व्हॉट्सॲपवर काही लिहावं तर तेही तुला तोच वाचून दाखवतो. म्हणून हे आक्काच्या पत्त्यावर मिरजेला पाठवतेय. ती घेऊन आली की आबांना वाचायला सांग, आणि मागचं दार लावून घ्या.

मी बरी आहे. जेवते, झोपते, कानटोपी घालते. चार वाजता अंधार पडतो, त्याची सवय झालीय. तू दिलेली चटणी पुरवून खातेय. एवढ्यात पाठवू नका.

आता तुझा प्रश्न. 'तिकडं सगळेच पितात म्हणे, तू पण घेतेस का?' आई, त्या फोटोत माझ्या हातात सफरचंदाचा रस होता. आणि इथं दारू गल्लोगल्ली मिळते असं आबांना वाटत असेल, तर ते डोक्यातून काढा. इथली तऱ्हा ऐका.

स्वीडनमध्ये दारूचं दुकान फक्त सरकारचं. सिस्टेमबोलागेत नाव त्याचं. रेशनचं दुकान समज, पण आत मेडिकलसारखं चकाचक. साडेतीन टक्क्यांच्या वर अल्कोहोल असलेलं काहीही किराणा दुकानात मिळत नाही, त्यासाठी बहुतेक इथंच यायचं. वय २० च्या खाली असेल तर देत नाहीत. पंचविशीच्या आतलं कुणी वाटलं तर ओळखपत्र मागतात. मला एकतिसाव्या वर्षी मागितलं! (ऑफिसच्या पार्टीचं सामान आणायला गेले होते.) एकावर एक फ्री नाही, सेल नाही. बिअरसुद्धा गार करून ठेवत नाहीत, घरी न्या आणि गार होईपर्यंत थांबा. शनिवारी बहुतेक दुकानं तीनला बंद, रविवारी कुलूप. त्यामुळे शनिवारी अडीच वाजता चांगली शिकलीसवरलेली माणसं पिशव्या घेऊन शेवटची एसटी चुकल्यासारखी पळतात. आठवडाभर शिवायचं नाही आणि दोन रात्रींत सगळी कसर भरून काढायची, ही यांची जुनी खोड.

आधी मला हा पोरखेळ वाटला. ज्याला प्यायचीय तो शुक्रवारीच भरून ठेवणार. ठेवतोच. पण यांचं म्हणणं असं, की विकणाऱ्याला नफ्याची हाव नसली तर तो गिऱ्हाइकाला आणखी एक घे म्हणत नाही. आणि हातात यायला जेवढा त्रास, तेवढी पोटात कमी जाते. हे मात्र मला पटलं. आपल्या फाट्यावर सकाळी सात वाजता मागच्या खिडकीतून मिळते, ते आठवलं.

आणि १९५५ पर्यंत तर इथं परमिट होतं. पासबुकासारखी वही असायची, घेतलेली दारू तीत लिहायची. लग्न झालेल्या बाईला ती सहसा मिळतच नसे, नवऱ्याची होती ना! आबा, आपल्याकडंही कायद्यानं परमिट लागतंच, म्हणून तर परमिट रूम. ते दाखवून प्यायलेला माणूस तुम्ही कधी बघितलाय?

१९२२ साली यांनी दारूबंदीवर मतदान घेतलं. बायकांच्या चिठ्ठ्या वेगळ्या मोजल्या होत्या. बायकांचा कौल बंदीकडं, पुरुषांचा उलटा, आणि बंदी थोडक्यात हुकली. ते वाचताना मला तू दिसलीस, आडव्या बाटलीच्या मतदानाला शाळेपुढं रांगेत उभी, उन्हात डोक्यावर पदर घेऊन. यादीतल्या निम्म्याहून जास्त बायकांची मतं लागतात म्हणून तू म्हाताऱ्या काकूंना धरून धरून आणलं होतंस. आपली बाटली आडवी झाली, दुकान बंद झालं. आणि सच्या मोटारसायकल काढून फाट्यावर जायला लागला.

मे महिन्यात मी आले होते तेव्हा सकाळी त्यानं चहा बशीत ओतला, तर कप बशीवर टक टक वाजत राहिला. मग त्यानं बशी दोन्ही हातांनी धरली आणि तोंडच खाली नेलं. तू म्हणालीस, रात्रीची लाइट असते, मोटर चालू करायला उठतो, झोप होत नाही. मीही 'हो ना' म्हटलं. दहा वाजता मळ्यातनं आला तेव्हा हात दगडासारखे स्थिर. त्याचा अर्थ मला इथं आल्यावर कळला. ऑफिसात एक पन्नाशीचा माणूस आहे, साखर सोडली म्हणावं तसं सांगतो, 'मी पीत नाही, अठरा वर्षं झाली.' त्याच्याकडं मी 'ओळखीतला एकजण' म्हणून विषय काढला. तो म्हणाला, रोज दारू मिळत गेली की मेंदू तिच्याविरुद्ध जोर लावून बसतो. रात्रीची उतरली की तो जोर मोकाट सुटतो, तेच ते हात. मग पुन्हा दोन घोट घेतले की थांबतात. म्हणजे मजा म्हणून पिणं केव्हाच संपलेलं असतं.

म्हणून आबा, मळ्यातल्या खोलीत चार दिवस कोंडतो म्हणालात ते करू नका. रोज पिणाऱ्याची एकदम तोडली तर फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भास होऊ शकतात, माणूस दगावूसुद्धा शकतो. हे डॉक्टरांच्या नजरेखालीच व्हायला पाहिजे. आणि आई, ती चहातून द्यायची पुडी फेकून दे. तीत काय आहे ते विकणाराही सांगणार नाही. डॉक्टर देतात ती डायसल्फिरामची गोळी. तिच्यातलं रसायन आधीपासून रबराच्या कारखान्यात वापरायचे, आणि दारू सोडवायला त्याचा उपयोग शेजारच्या डेन्मार्कमध्ये १९४० नंतर सापडला. ती पोटात असताना दारू प्यायली की तोंड लाल होतं, ओकाऱ्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. हे ठाऊक असलेल्यानं स्वतः ठरवून घ्यायची ती गोळी आहे. चोरून चहात घातली तर जिवावर बेतेल.

तू म्हणतेस संगत वाईट. संगत आहेच. पण फुलोऱ्यात पाऊस लागून दावण्या रोगानं द्राक्षाचे घड कुजले ते वर्ष आठव. सोसायटीचं कर्ज त्याच्या एकट्याच्या नावावर आलं, तेव्हा मी इथं बर्फाचे फोटो पाठवत होते. आबांचे चुलतेही यातच गेले, ते घरात कुणी बोलत नाही. आणि ड्यूटी-फ्रीची ती बाटली आबांसाठी म्हणून मीच आणली होती. आबांनी दोन घोट घेतले. उरलेली कुणी संपवली ते आपण कुणीच विचारलं नाही.

पुण्यात येरवड्याला मुक्तांगण आहे, १९८६ पासून, अनिता आणि अनिल अवचटांनी सुरू केलेलं. ३५ दिवस राहावं लागतं, घरच्यांनाही बोलावतात. दाजी त्याला घेऊन जायला तयार आहेत. गावात विचारलं तर पोटाचं दुखणं सांगा, नाहीतर खरंच सांगा. गावाला सगळं ठाऊक आहे.

खर्च माझा. त्याची काळजी करू नका, इथं माझं भागतं. पण ऑक्टोबरात छाटणीनंतरच्या औषधांना ७०,००० सच्याच्या खात्यावर टाकले आणि दुकानाची उधारी तशीच आहे. यापुढं पैसे थेट दुकानदाराला. त्याला वाईट वाटेल. मला नाही वाटत असं समजू नका.

आणि कवठेमहांकाळची ती मुलगी. 'लग्न झालं की येईल वळणावर' असं मामा म्हणतात. तिनं काय घोडं मारलंय? आक्काला कुणी असं लपवून दिलं असतं तर आबा कोयता घेऊन गेले असते. निदान एक वर्ष थांबा. त्याच्या बदल्यात नाशिकच्या त्या मुलाशी मी बोलते. नीट बोलते, मागच्यासारखं नाही.

दिवाळीला सुट्टी नव्हती म्हणाले होते. सुट्टी होती, आई. मार्चचं तिकीट मात्र काढलंय, हवं तर आक्काला फोटो पाठवते. आणि एकदा वाइन घेतली होती. आवडली नाही.

तुमची,
वैशू

ता. क. कपाटावर तो निळा खोका आहे, ज्यात तू बटणं आणि दोऱ्याची रिळं ठेवतेस. तो त्या बाटलीचाच. बटणं श्रीखंडाच्या डब्यात काढ आणि खोका चुलीत घाल.