पाटी नाही, पट्टी पुसलेली, चलन मात्र आलं

संपादक साहेब, नमस्कार.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेक माहेरी येणार म्हणून आम्ही दोघं बाजाराला गेलो होतो, गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण हा काही एका गावाचा प्रश्न नाहीये. साड्यांच्या दुकानासमोर चार-पाच मोटरसायकली ओळीने उभ्या होत्या, त्यांच्या शेजारी मी पण लावली. वीसेक मिनिटांत बाहेर आलो तर मोबाईलवर मेसेज, नो पार्किंग, 500 रुपये.

पाटी शोधली. खांब सापडला, त्याला नटबोल्टची दोन भोकं पण होती, पाटी तेवढी नव्हती आणि शेजारच्या दुकानदाराने त्या खांबाला पायपुसण्या लटकवलेल्या. त्याला विचारलं तर म्हणतो, "पाटी ते दिवायीपासून नई शे भाऊ." मग पायाने धूळ सारली तेव्हा खाली पिवळी पट्टी दिसली, ती पण हातभर, पुढे पाइपलाइनसाठी खोदून डांबराचं ठिगळ मारलंय आणि त्यापुढे रसवंतीची लोटगाडी उभी. चलनातला फोटो बघितला, त्यात माझी नंबर प्लेट एकदम क्लिअर आहे, पट्टी कुठेच नाही.

आता माझं पण चुकलंच. मला वाटायचं पाटी नाही म्हणजे दंड नाही, पण भाचा वकिली शिकतो त्याने मोटार वाहन कायदा 1988 उघडून दाखवला, त्यात वाहतूक चिन्हांच्या व्याख्येतच रस्त्यावर रंगवलेल्या खुणा पण धरल्यात, म्हणजे कडेची पिवळी पट्टी हीच एक पाटी झाली, खांबावर ती लाल काठाची गोल निळी पाटी असो नाहीतर नसो. (मधली पिवळी पट्टी ओव्हरटेकची, कडेची पार्किंगची, हे लायसन्स काढताना मला तरी कोणी सांगितलं नव्हतं.) आणि चौकाजवळ, वळणावर, बस स्टॉपसमोर, दवाखान्याच्या गेटसमोर तर पट्टी नसली तरी गाडी लावायची नसते, तिथे वाद घालूच नये.

पण त्याच कायद्याचं कलम 116 म्हणतं की ही चिन्हं लावायची ती मनाई लोकांच्या लक्षात आणून द्यायला. मग धुळीखालची हातभर पट्टी कोणाच्या लक्षात येणार? रोजच्या लोकांना माहीत असतं कुठे गाडी लावायची नाही, सापडतो तो खेड्यावरून आलेला, आणि दुसऱ्यांदा सापडला तर 1500.

माझं म्हणणं एवढंच आहे की चलन करणाऱ्याने फोटोत गाडीसोबत पट्टी नाहीतर पाटी पण घ्यावी, दिसतच नसेल तर चलन न करता तोच फोटो रंगवणाऱ्यांना पाठवावा. त्याला वेगळा माणूस लागत नाही, फोन तर हातातच असतो.

500 मी त्याच दिवशी भरले. बायकोने एक पायपुसणी पण घेतली, त्याच खांबावरची, 80 रुपयाला.

आपला,
एक मोटरसायकलवाला, खान्देश